'मर' स्त्रीलिंगी आहे

फुकट राबणाऱ्या माणसाचा मला पहिल्यापासून संशय येतो. माणूस उगाच राबत नाही, कुठंतरी पाणी मुरत असतं, हे माझं ठाम मत. म्हणून मुलाणी भाऊसाहेब माझ्याच दुकानाच्या बाकावर बसून रोज सकाळी दहा ते एक, न चुकता, एका परदेशी कंपनीचं काम बिनपगारी करायला लागले, तेव्हा पहिलं वर्षभर मी त्यांच्यावर नुसती पाळत ठेवून होतो. पाणी कुठं मुरतंय ते मला अजून सापडलेलं नाही.

माझं दुकान ठिबकच्या पाइपांचं, सोलापुरात मार्केट यार्डाजवळ. भाऊसाहेब म्हणजे दस्तगीर मुलाणी, निवृत्त कृषी सहायक. माळशिरस, वेळापूर, मोहोळ अशा बदल्या भोगून शेवटी सोलापुरात घर बांधून बसलेले. कृषी सहायकाला गावात भाऊसाहेबच म्हणतात. नोकरी संपली तसा हुद्दा गेला, पण भाऊसाहेब हे नाव काही गेलं नाही. त्यांच्या घरात जैतूनभाभींचं राज्य. त्यांनी एकदा मला तोंडावर सांगितलं होतं, "दिनभर मोबाईल ले को बैठते. मै बोली घर में नक्को, बाहर जा को बैठो." ते बाहर म्हणजे माझं दुकान.

काम काय, तर ग्रुपची राखण. सगळं जग ज्या ॲपवर आपली जेवणं आणि सहली टाकतं, त्याच ॲपवर डाळिंबवाल्यांचा एक ग्रुप होता, 'डाळिंब दवाखाना'. एखाद्या तालुक्याएवढी माणसं त्यात. कुणाच्या झाडावर डाग पडला, कुणाची फुलं गळाली, की फोटो काढून तिथं टाकायचा आणि वाट बघायची. भाऊसाहेब त्या ग्रुपचे ॲडमिन. आणखी पाच जण होते, आणि वर्षभर पाळत ठेवल्याच्या शिक्षेत सातवा मी. प्रत्येक प्रश्न वाचायचा, फालतू असेल तर काढायचा, खऱ्याला उत्तर द्यायचं, भांडणं सोडवायची, औषधं खपवणाऱ्यांना हाकलायचं. कंपनीनं एवढ्या वर्षांत याबद्दल एक चिन्ह दिलं होतं, नावापुढं दिसणारी निळी ढाल. भाऊसाहेबांना ती ढाल आहे हेच माहीत नव्हतं.

उंच, शिडशिडीत माणूस. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि एक घडीचं भिंग. हे भिंग ते मोबाईलच्या काचेवर धरून फोटो बघायचे. मी म्हणालो, "अहो, बोटानं ताणलं की मोठा होतो की फोटो." तर म्हणाले, "ते मशीन मोठं करतंय शेठ. मला माझं मी बघायचंय." यावर काय बोलणार, कपाळ!

उत्तर देण्याआधी ते प्रश्न मोठ्यानं वाचायचे, अगदी लिहिणाऱ्याच्या हेलात. वाचून झालं की डोळे मिटून गावाचा अंदाज करायचे. 'झाड बसलं' लिहिलं असलं की म्हणायचे माळशिरसकडचा. मधेच कन्नड शब्द आला की अक्कलकोट. गिऱ्हाईक सोडून मी त्यांचा अंदाज तपासत बसायचो. दहातले आठ बरोबर निघायचे आणि मला उगाच राग यायचा. उत्तराचा पहिला प्रश्न मात्र ठरलेला असायचा, "मूळ उकरून बघितलं का?" पानाचा फोटो पाठवा, फळाचा पाठवा, ह्यांचं आपलं तेच. पोरंसोरं त्यावरनं चेष्टा करायची. कुणाचं लग्न मोडलं तरी ग्रुपवर कुणीतरी लिहायचं, मूळ उकरून बघितलं का.

लग्नावरनं आठवलं. एका बहाद्दरानं ग्रुपवर स्वतःच्या लग्नाचा फोटो टाकला, फेटा, मुंडावळ्या, मागं बाग. अशी पोस्ट नियमात बसत नव्हती, मी काढायला निघालो होतो. भाऊसाहेबांनी हात धरला, भिंग लावलं आणि खाली लिहिलं, 'अभिनंदन. तुमच्या उजव्या खांद्यामागच्या झाडावर तेल्या आहे. हळद उतरली की त्या फांद्या छाटून बागेबाहेर नेऊन जाळा.' तेल्या म्हणजे पानाफळांवर तेलकट डाग पाडणारा रोग. एकदा धरला की बाग सोडत नाही. आठ दिवसांनी नवरदेवाचं उत्तर आलं, 'छाटल्या. मंडळीपण आली होती मदतीला.' भाऊसाहेब त्या दिवशी दोन कप चहा प्याले.

चहा त्यांना बशीतच लागायचा. आणि ग्रुपचा एक नियम त्यांनी स्वतः घातलेला होता, कुणीही फोन नंबर लिहायचा नाही. नंबर दिसला की पोस्ट उडाली. कारण नंबर गोळा करून शेतकऱ्याच्या दारात जाणारे पावडरवाले. त्यातला एक तर माझ्या दुकानात आला होता, भिंतीवरचं घड्याळ भेट घेऊन. 'अमृतमूळ' नावाची पावडर विकायचा, सगळ्या रोगांवर एकच. त्याला ग्रुपमधून हाकललं होतं म्हणून समजूत काढायला आला. भाऊसाहेबांनी त्याला बसवलं, चहा दिला, डबा हातात घेतला आणि भिंगातनं चारी बाजू वाचल्या. "यात आहे काय ते कुठं लिहिलंय?" तो म्हणाला, "ते कंपनीचं सिक्रेट आहे." भाऊसाहेब म्हणाले, "झाडाला तरी सांगितलंय का?" घड्याळ घेऊन गडी गेला. मी लई हसलो. तेव्हा हसायला काही जात नव्हतं.

मी एकदा सरळ विचारलं होतं, का करता हे? ते म्हणाले, "नोकरीत दिवसाला दोन बागा व्हायच्या. मोटरसायकल बंद पडली की एक. इथं बसल्या बसल्या चाळीस होतात." मी म्हटलं, हे उत्तर नाही. "मग तुम्हीच शोधा की," म्हणाले आणि पुढचा प्रश्न वाचायला लागले.

मग कंपनीनं राखणीला मशीन आणलं. शिवीगाळ, धमक्या, असलं काही दिसलं की ते मशीन आपोआप पोस्ट काढणार, आणि लिहिणाऱ्याला शिक्षाही तेच करणार. आधी ॲडमिनला चुकून गेलेली पोस्ट परत आणता यायची. ते बटणच गेलं.

आता डाळिंबवाल्यांची भाषा बघा. औषध ते फवारत नाहीत, मारतात. 'काल काय मारलं?' 'खोडकिड्याला काय मारू?' 'संध्याकाळचं मारा, उन्हात मारू नका.' आमच्या ग्रुपवर दिवसभर अशी मारामारी चालायची. मशीननं पहिल्याच आठवड्यात निम्मे प्रश्न उडवले. पण खरा घोळ झाला तो दुसऱ्याच शब्दावर. डाळिंबाचं झाड आतल्या आत वाळून उभंच्या उभं जातं, त्या रोगाला मर म्हणतात. मर लागली, मर आली. सरकारी पुस्तकातही तेच नाव. मशीनच्या लेखी मर म्हणजे कुणीतरी कुणाला तरी सांगतोय, मर.

मोहोळजवळच्या सुमनताई गायकवाड म्हणून एक बाई होत्या. नवऱ्याला फारसं ऐकू येत नाही, बागेचं सगळं त्याच बघतात. त्यांनी लिहिलं, 'मर आली. चार गेली. आता मी काय करू?' पोस्ट उडाली. वर कंपनीकडून त्यांना निरोप, तुम्ही एकट्या नाही आहात, जवळच्या माणसाशी मन मोकळं करा, जीवन सुंदर आहे. आणि त्यांचं खातं सात दिवस बंद.

बाई सात दिवसांनी परत आल्या तेव्हा चाराची अकरा झाडं झाली होती. हा रोग मुळातनं शेजारच्या झाडाला जातो, पहिले दिवसच महत्त्वाचे असतात. त्यांनी मोठ्या हुशारीनं मधे टिंब घालून लिहिलं, 'म.र हाय. कंपनीनं मला समजावलं. मला कशाला समजावताय, झाडाला समजवा.' भाऊसाहेबांनी त्यांच्या हेलात वाचायला सुरुवात केली आणि मधेच थांबले. इतक्या वर्षांत त्यांना असं थांबलेलं मी पाहिलं नव्हतं.

त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं. इंग्रजी माझं, मजकूर त्यांचा. 'मर हे क्रियापद नाही, नाम आहे. स्त्रीलिंगी आहे. मर आली, मर पसरली, असा प्रयोग होतो. आज्ञा देताना माणूस असं बोलत नाही.' मी म्हणालो, अमेरिकेत बसलेल्या माणसाला स्त्रीलिंगाचं काय सांगताय? "सांगायला पाहिजे," म्हणाले, "त्याला माहीत नाही म्हणूनच तर चुकतंय." उत्तर आलं, तुमचा अभिप्राय आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. तीन पत्रं गेली, तीनदा तेच उत्तर आलं, पूर्णविरामासकट.

तोवर लोकांनी आपापली सोय केली होती. कुणी 'ती आली' लिहायचं, कुणी 'तो शब्द', आणि एकानं तर पहिलं अक्षर लिहून पुढं फुल्या मारल्या, पेपरात शिवी छापतात तशा. भाऊसाहेब भडकले. "रोगाचं नाव घ्यायची चोरी? उद्या रोग्याला डॉक्टरपुढं कुजबुजायला लावाल!" ज्या माणसाचा आवाज कधी बाकापलीकडं जात नव्हता, तो रस्त्यावर ऐकू गेला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा सहा जणांना फोनवर घेतलं आणि सांगितलं, हात वर. शब्द परत द्या, ते बटण परत द्या, तोवर काम बंद. बाहेरच्या देशातही असल्या बिनपगारी लोकांनी आपापल्या ग्रुपना कुलपं लावली होती, पेपरात वाचलं होतं. मला गंमत वाटली ती वेगळीच. नोकरीत असताना सगळं खातं संपावर गेलं तरी हा माणूस बागेत जायचा, सहकाऱ्यांच्या शिव्या खायचा. मी विचारलं, तेव्हा नाही आणि आताच संप कसा? ते म्हणाले, "तेव्हा शेतकऱ्यासाठी जात होतो. आता थांबतोय तेही त्याच्यासाठीच. मशीनला मी काढू दिलं, म्हणजे मीच काढलं की." मला ते पटलं. आज वाटतं, आपण थांबलो की पुढं जे होईल तेही आपणच केलं, हा त्यातला दुसरा अर्धा भाग मी ऐकलाच नाही, आणि त्यांनीही.

त्यांनी नोटीस लिहिली. आपण काम का थांबवतोय, कंपनीकडं काय मागतोय, तोवर मोहोळ आणि पंढरपूरच्या कृषी कार्यालयात कुणाला भेटायचं, सगळं व्यवस्थित. नोटीस ग्रुपच्या माथ्यावर टाकली, ग्रुपला कुलूप लावलं म्हणजे नवीन कुणाला लिहिता येऊ नये असं केलं, मोबाईल बंद केला आणि माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवला. संप म्हणजे संप. घरचा निरोप असला तर जैतूनभाभी माझ्या फोनवर द्यायच्या. आम्ही बाकीचेही त्यांच्यासारखेच शूर, पंधरा दिवस तिकडं बघायचंच नाही असं ठरवलं. भाऊसाहेब बाकावर बसून पेपर वाचायचे, जाहिरातींसकट, आणि दर पाच मिनिटांनी त्यांचा हात खिशातल्या भिंगाकडं जायचा.

नवव्या दिवशी सकाळी एक बाई दुकानात आली. पायात धूळ, डोक्यावर पदर, हातात प्लास्टिकची पिशवी. "मुलाणी भाऊसाहेब हितंच बसत्यात का?" म्हणाली. कधीतरी भाऊसाहेबांनी टाकलेल्या एका फोटोत मागं माझी पाटी आली होती, तेवढ्यावरनं दुकान शोधत आली होती. भाऊसाहेब उठले. "मी सुमन गायकवाड," ती म्हणाली. त्यांचा चेहरा उजळला, अगदी पाहुणी आल्यासारखा. "बसा, बसा ताई. अहो, तुमच्या त्या शब्दासाठीच तर आम्ही सगळं बंद केलंय."

ती बसली नाही. पिशवीतनं एक डबा काढून तिनं काउंटरवर ठेवला. अमृतमूळ.

आपला ग्रुप बंद झाल्यावर त्या पावडरवाल्यानं 'डाळिंब दवाखाना नवीन' काढला होता, आणि तिथं उत्तरं देणाऱ्याचं नाव ठेवलं होतं भाऊसाहेब. सुमनताईंना वाटलं, आपलेच भाऊसाहेब तिकडं गेले. "मूळ उकरून बघितलं का, असं इचारलं त्यानं पयलं. मग मला खात्रीच पटली की." पावडर तिनं पाण्यात कालवून आजारी झाडांना आणि त्यांच्या शेजारच्या चांगल्या झाडांनाही घातली. चार दिवसांत बागेची एक बाजू पानं गाळून उभी राहिली.

"मी नोटीस टाकली होती ताई," भाऊसाहेब म्हणाले. "सगळं लिहिलं होतं त्यात."

"कुटं हाय नोटीस? आमच्यातल्या कुनालाच दिसली न्हाय. निम्मी लोकं म्हनत्यात तुमी वारला."

त्यांनी ड्रॉवर उघडायला लावला. मोबाईल चालू व्हायला वेळ लागला. माथ्यावर नोटीस नव्हती. तिच्या जागी कंपनीचा निरोप होता, हिंसेला उत्तेजन देणारा मजकूर असल्यामुळे तुमची पोस्ट काढून टाकली आहे. नोटिशीत त्यांनी मर हा शब्द सात वेळा लिहिला होता. पोस्ट कशानं उडते हे जगाला पत्रं लिहून सांगणाऱ्या माणसानं, आणि त्याच्या पाठीमागं उभ्या असलेल्या आम्ही सहा शहाण्यांनी, एकानंही हा विचार केला नाही!

"माज्यासाठी बंद केलं म्हनताय," सुमनताई म्हणाल्या. त्या ओरडत नव्हत्या, तेच वाईट होतं. "मग मलाच का न्हाय सांगितलं? एक फोन करायचा की."

नंबर कुठं होता? तालुकाभर माणसं, आणि एकाचाही नंबर भाऊसाहेबांकडं नव्हता. नियमच होता तसा, आणि तो त्यांचाच. ते माझ्याकडं बघायला लागले. मला त्यांच्याकडं बघवेना, म्हणून मी तो डबा उचलून उगाच वाचायला लागलो.

"किती झाडं चांगली आहेत अजून?" त्यांनी विचारलं.

"निम्मी."

"शेठ, गाडी काढा."

मी पिकअप काढेपर्यंत त्यांनी बाकावर बसून ग्रुपचं कुलूप उघडलं आणि स्वतःचा फोन नंबर लिहिला. खाली एवढंच, 'मी दस्तगीर मुलाणी. जिवंत आहे. खोट्या भाऊसाहेबाकडं जाऊ नका. रोगाचं नाव इथं लिहू नका. फोन करा, तोंडानं बोला.' पाकणीच्या पुढं गेलो असू, तेव्हा मोबाईल वाजला. कंपनीचा निरोप. वैयक्तिक माहिती उघड केल्याबद्दल तुमचं खातं कायमचं बंद करण्यात येत आहे.

"कुणाची वैयक्तिक?" मी विचारलं.

"माझीच की."

मी कंपनीला मोजून चार शिव्या घातल्या. मागं सुमनताई बसल्यात हे विसरून घातल्या. भाऊसाहेब खिडकीतनं बाहेर बघत होते. तसेच बघत म्हणाले, "मला वाईट वाटलं शेठ. खोटं कशाला बोलू. आठ वर्षं झाली." मग मोबाईल परत वाजला, तेव्हा त्यांनी घाबरल्यासारखा तो लांब धरला. या वेळी निरोप नव्हता. टेंभुर्णीचा कुणीतरी होता, खरंच भाऊसाहेब बोलताय का म्हणून विचारत होता. ती पोस्ट काही मिनिटंच राहिली असेल. तेवढ्यात कुणीतरी तिचा फोटो काढून पुढं पाठवला होता.

तो ग्रुप आजही आहे. कंपनीनं दुसरे ॲडमिन शोधले, त्यातल्या दोघांची औषधांची दुकानं आहेत. 'मर' अजूनही उडते म्हणतात. मी बघत नाही. भाऊसाहेब त्या दिवसानंतर माझ्या बाकावर फारसे टेकले नाहीत. वर्षभर ते फोन करणाऱ्यांच्या बागा हिंडले, मग गुडघ्यांनी जवाब दिला आणि लेकीनं त्यांना विजापूरला नेलं. फोन अजून चालू आहे, लागत मात्र नाही, सारखा दुसऱ्या कॉलवर असतो. सुमनताई पुढच्या हंगामात माझ्याकडून नवे पाइप घेऊन गेल्या, निम्म्या बागेचे. फुकट का राबता या प्रश्नाचं उत्तर भाऊसाहेबांनी काही दिलं नाही. मीही विचारणं सोडून दिलं, कारण त्या दिवशी बागेत मी जे बघितलं, त्यानंतर तो प्रश्न विचारायची मला लाज वाटायला लागली.

ऊन कलत होतं. भाऊसाहेब गेलेल्या झाडांच्या आणि राहिलेल्या झाडांच्या मधे गुडघ्यांवर बसून चर खणत होते, म्हणजे रोग मुळांतनं अलीकडं येऊ नये. या वयात खणू नका, गडी बोलवू, असं मी दोनदा सांगितलं. ते खणतच राहिले. सुमनताई दुसऱ्या टोकानं खणत होत्या. दुकानातनं निघाल्यापासून त्या भाऊसाहेबांशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. पाणी दिलं तेही माझ्या हातात, त्यांना द्या म्हणून. बांधावर ठेवलेला मोबाईल सारखा वाजत होता. भाऊसाहेबांचे हात कोपरापर्यंत चिखलात, ते नुसते त्याच्याकडं बघायचे आणि पुन्हा खणायला लागायचे. सातव्या की आठव्या वेळी सुमनताईंनी कुदळ टाकली, पदराला हात पुसले, मोबाईल उचलून कानाला लावला. पलीकडचं त्या जरा वेळ ऐकत राहिल्या. मग चराच्या कडेला जाऊन उकिडव्या बसल्या आणि तो त्यांच्या कानाला धरला.

"भाऊसाहेब," त्या म्हणाल्या, "सांगोल्याची बाई हाय. मर आली म्हनती. बोला तिच्याशी, मी धरते."